जीपमधलं कुर्र

आमच्या घरात बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. तसा तो सगळ्यांकडेच असतो म्हणा, पण बाकीच्यांकडे तो नुसता नावाला असतो. आईबाप आधीच नाव ठरवून मोकळे होतात आणि आत्याला पाळण्यापाशी बोलावून बाळाच्या कानात तेवढं म्हणायला लावतात. आमच्याकडे नाव आत्याच आणते आणि ते कुणाला म्हणजे कुणालाही सांगत नाही. पाळण्यात वाकून, कुर्र करून, ती ते आधी बाळाला सांगते. मग बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, आणि त्यानंतर घरच्यांना कळतं की आपल्या पोराचं नाव काय. माझं नाव माझ्या वडिलांना असंच कळलं होतं, आणि त्यांना ते विशेष आवडलं नव्हतं म्हणतात.

माझा धाकटा भाऊ परदेशात असतो. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्याला मुलगी झाली आणि मी एकुलती एक आत्या झाले. नाव शोधायचा प्रश्नच नव्हता. ते माझ्याकडे कधीचं तयार होतं. मलाही एक मुलगी होणार होती. सातव्या महिन्यातच सगळं संपलं, आणि पुन्हा तो योग आला नाही. तिच्यासाठी ठेवलेलं नाव मी कधी कुणापुढे उच्चारलं नाही, नवऱ्यापुढेसुद्धा नाही. ते आता भावाच्या मुलीला द्यायचं, एवढं एकच मला हवं होतं. त्या नावाला कुणी नाक मुरडलं किंवा ते बदललं असतं, तर मला ते सहन झालं नसतं.

म्हणून भावाचा फोन आला तेव्हाच मला वास आला. तो म्हणाला, "ताई, बारसं व्हिडिओ कॉलवर करू. पण तू नाव मेसेज करून ठेव. समजा ऐन वेळी नेट गेलं तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," मी म्हणाले. "नेट जाणार नाही. आणि नाव मेसेज करणार नाही."

ही मागणी त्याची नव्हतीच. त्याला असलं काही सुचत नाही. त्याच्या तोंडून माझी भावजय बोलत होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. नाव आधी कळलं की ते गूगलवर बघणार, तिकडच्या लोकांना उच्चारता येतं का ते तपासणार, आणि मग गोड आवाजात "ताई, जरा जुनं वाटतं का हो?" असं विचारणार. तिचा आवाज फार गोड आहे. इतकी वर्षं ती कधी माझ्याशी चढ्या आवाजात बोलली नाही, आणि जी माणसं कधीच चढ्या आवाजात बोलत नाहीत त्यांच्याबद्दल माझं मत पहिल्यापासून बरं नाही. शिवाय तिची सख्खी बहीण तिकडेच राहते. आत्या लांब आणि मावशी हाताशी, म्हटल्यावर काय होणार ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मी दवाखान्यात होते तेव्हा ती आमच्या घरात नवीन होती. माझ्याजवळ रात्री थांबायला तिला पाठवलं होतं. मला आठवते ती खुर्चीवर बसलेली आणि मोबाइलमध्ये डोकं खुपसलेली. माझं जग बुडालं होतं आणि ही बाई स्क्रीनवर बोट फिरवत होती. तेव्हापासून मी तिला ओळखून आहे, असं मी नवऱ्याला नेहमी सांगत असे.

बारसं रविवारी ठरलं होतं. मग ते अचानक शनिवारी करायचं ठरलं. तिकडे म्हणे रविवारी हॉल मिळत नव्हता. शनिवारी मला सुरगाण्याला परीक्षेला जायचं होतं आणि हे त्या दोघांनाही माहीत होतं. मी नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवसांत बाहेरची परीक्षक म्हणून गावोगाव जाते. ते काम टाळता येत नाही. भावाने मला हिशोब करून दाखवला, की तिकडे सकाळी कार्यक्रम म्हणजे तुझी दुपार उलटलेली, तोवर तू नाशिकला घरी पोचशील. हॉलचं कारण मी ऐकून घेतलं. पटलं मात्र नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षकाला कॉलेजवाले जेवल्याशिवाय सोडत नाहीत. ही रीत सगळीकडे आहे, आणि पाहुणचार जितका जोरदार तितकी मुलांची क्षार ओळखायची तयारी कच्ची, हा माझा अनुभव आहे. सुरगाण्याला त्या दिवशी नागलीची भाकरी, दोन भाज्या, ठेचा, वर खीर असा बेत होता, तेव्हा मी सावधच झाले. खरं म्हणजे मुलींनी परीक्षा उत्तम दिली होती. पण जेवणापायी उशीर झाला, आणि नाशिकची एसटी निघून गेली.

माझ्या मोबाइलला सुरगाण्यात रेंज नव्हती. तिथे एकाच कंपनीचं सिम चालतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. प्राचार्यांना कुठूनसं बारशाचं कळलं. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या ऑफिसात वायफाय आहे. इथेच बसून करा ना बारसं. आम्ही पेढे मागवतो."

त्या वेळी मी हो म्हणायला हवं होतं, असं कुणालाही वाटेल. पण माझ्या पिशवीत त्यांच्याच मुलींचे गुण होते. आज पेढे, उद्या फोन, परवा "मॅडम, तेवढं बघा." आणि ऑफिसात चार शिक्षक, दोन शिपाई कान टवकारून उभे. मी जपलेल्या नावाचा त्यांनी बाजार मांडला असता. मी आभार मानले आणि जीपच्या थांब्यावर आले. वणीच्या जवळ गेलं की माझ्या मोबाइलला रेंज लागते, तेवढा वेळ होता.

काळी-पिवळी जीप उभीच होती आणि नुसती उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "अजून दोन शिटा येऊ द्या ताई, लगेच काढतो." लगेच म्हणजे किती, हे त्याने सांगितलं नाही. मी मधल्या सीटवर बसले आणि पर्स मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरली. माझ्या एका बाजूला नऊवारीतल्या एक आजी होत्या. त्या लेकीकडे राहून दिंडोरीकडच्या आपल्या गावाला निघाल्या होत्या. दुसऱ्या बाजूला एक माणूस येऊन बसला. गॉगल डोक्यावर चढवलेला आणि हातात दोन मोबाइल. एका माणसाला दोन मोबाइल कशाला लागतात, हा प्रश्न मला पडतोच.

बोरगाव मागे पडलं आणि घाट सुरू झाला. भावाने दिलेली वेळ जवळ आली होती आणि माझ्या स्क्रीनवर फुल्ली होती. मी मोबाइल खिडकीबाहेर धरला, डोक्यावर धरला, बंद करून चालू केला. दोन मोबाइलवाला हे सगळं बघत होता.

"अर्जंट हाय का ताई?" त्याने विचारलं. "माझ्या ह्याला इथं फुल रेंज हाय. हॉटस्पॉट देऊ का?"

"नको," मी म्हणाले.

आजकाल फुकट कोण कुणाला काय देतं? आमच्या स्टाफरूममध्ये रोज एक तरी गोष्ट ऐकायला मिळते. कुणी अनोळखी वायफाय लावलं आणि खातं रिकामं झालं, कुणाचे फोटो गेले. माझा पगार नुकताच जमा झाला होता. मी पर्स आणखी जवळ ओढली. त्याने खांदे उडवले आणि तो दुसऱ्या मोबाइलवर कुणाला तरी स्ट्रॉबेरीचे खोके किती, ते सांगू लागला. म्हणजे स्ट्रॉबेरीचं तो बोलत होता. खरं काय ते कोण जाणे.

पुढची काही वळणं मी त्या फुल्लीकडे बघत काढली. डोळ्यांपुढे सारखा तो पाळणा येत होता. वेळ टळते आहे, भावजय घड्याळाकडे बघते आहे, आणि तिची बहीण पदर सावरून पुढे होते आहे. "नाही तरी त्या येत नाहीत," कुणीतरी म्हणतंय. आणि माझ्या मुलीचं नाव माझ्या तोंडात तसंच राहून गेलंय. मला हुंदकाच आला. बँकेतला पगार काय, पुढच्या महिन्यात पुन्हा आला असता.

"द्या हो तो हॉटस्पॉट," मी त्या माणसाला म्हणाले.

"घ्या की. पासवर्ड एकपासून आठपर्यंत, ओळीनं."

असला पासवर्ड ठेवणारा माणूस एक तर भोळा असतो किंवा त्याला मुद्दाम लोकांना आत घ्यायचं असतं. मी मनात बँकेच्या खात्याला नमस्कार केला आणि आकडे दाबले.

कॉल लागला. भावाचा चेहरा दिसला आणि तो ओरडलाच, "ताई, आहेस कुठे? किती वेळ थांबलोय सगळे!" मग स्क्रीन हलली. फुलांनी सजवलेला पाळणा दिसला, दहा-पंधरा माणसं दिसली, आणि पाळण्याच्या डोक्याशी भावजयीची बहीण दिसली. तिच्या अंगावर पैठणी होती. मी स्वतः येवल्याला जाऊन, मागावरच्या चार पैठण्या बघून, भावजयीसाठी घेतलेली आणि बारशासाठी पाठवलेली पैठणी. ती मावशीच्या अंगावर का होती, हे मी आजतागायत विचारलेलं नाही. पण विसरलेलेही नाही.

"आल्या, ताई आल्या," भावजय म्हणाली. साध्या सुती ड्रेसमध्ये होती ती, चेहरा ओढलेला.

"फोन बाळाच्या कानाला लाव," मी भावाला म्हणाले, "आणि बाकीच्यांना लांब व्हायला सांग."

स्क्रीन काळी झाली. म्हणजे फोन बाळाच्या कानाशी होता. मी ड्रायव्हरला म्हणाले, "दादा, दोन मिनिटं गाडी बाजूला घ्या, आवाज होतोय."

"घाटात नाय थांबता येत ताई, मागं ट्रक हाय."

मी पदर तोंडाशी धरला आणि कुजबुजत कुर्र केलं. पलीकडून भाऊ ओरडला, "ऐकू येत नाही, मोठ्याने!" मोठ्याने म्हणजे अख्ख्या जीपला ऐकू जाणार. आमच्या घराण्यात नाव पहिल्यांदा बाळाच्या कानात पडतं, आणि इथे स्ट्रॉबेरीवाला, आजी, ड्रायव्हर, मागच्या बाकावरची सहा माणसं, सगळी माझ्याकडे बघत होती. पण आता मागे फिरायला जागा नव्हती. मी डोळे मिटले, घसा फोडून कुर्र केलं आणि इतकी वर्षं सांभाळलेलं ते नाव जन्मात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं.

डोळे उघडले तेव्हा स्क्रीनवर पुन्हा पाळणा होता. फोन कानापासून दूर झाला होता आणि भावजय स्वतः पाळण्यात वाकली होती. तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं, ओठ हलवले, आणि मागची माणसं टाळ्या वाजवायला लागली. तिथेच चित्र गोठलं. टाळ्यांचे हात अर्धवट, आणि तिचे ओठ माझ्या भाचीच्या कानाला लागलेले.

"गेली रेंज," दोन मोबाइलवाला म्हणाला. "ह्या वळणाला माझीपण जाती."

"लागलं का पोरीला नाव?" आजींनी विचारलं. "चांगलं हाय नाव. लय गोड."

माझ्या अंगाची लाही लाही होत होती. मी एवढं नाव घेतलं, ते त्या घाटात हवेत विरलं, आणि त्या बाईने माझ्या डोळ्यांदेखत स्वतःचं नाव घुसवलं. कधीपासून ठरवून ठेवलं असणार! मेसेज मागितला तो त्यासाठी, शनिवार केला तो त्यासाठी. ते गोठलेलं चित्र मी वणी येईपर्यंत बघत बसले. तिच्या ओठांवरून ती कोणतं अक्षर म्हणते आहे, ते ओळखायचा प्रयत्न करत होते. डोळे इतके भरून येत होते की ते ओठसुद्धा नीट दिसेनात.

वणीला जीप थांबली. आजी आणि मी सोडून बाकीची माणसं उतरली, ड्रायव्हर चहाला गेला. माझ्या मोबाइलला रेंज आली आणि त्याने एकामागून एक आवाज केले. सगळ्यात वर भावाचा मेसेज होता. "ताई, काय सुंदर नाव आणलंस!" आणि खाली ते नाव. माझंच. मी ते अक्षर अक्षर करून तीनदा वाचलं. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बरोबर होतं.

माझ्या मनात पहिला विचार कोणता आला ते सांगते. दोन मोबाइलवाला. हॉटस्पॉट त्याचा, म्हणजे माझा आवाज त्याच्या मोबाइलमधून गेला, त्याने काहीतरी केलं असणार. तो खाली उतरून टपरीवर उभा होता. त्याने माझ्याकडे बघून हात केला आणि निघून गेला. घरी गेल्यावर मी बँकेचे सगळे पासवर्ड बदलले, ती गोष्ट वेगळी. पण नाशिकमधल्या माझ्या पगाराशी त्याचा संबंध जोडता आला, तरी माझ्या भावाशी जोडता येईना. मी फोन लावला. कानाला धरायच्या ऐवजी गडबडीत स्पीकरवर लागला.

भावानेच उचलला. "ताई, चिडू नकोस. तुझा फोन लागतच नव्हता, तेव्हा मीच म्हटलं होतं की मावशीला सांगू दे काहीतरी नाव, ताईला नंतर समजावू. हॉल रिकामा करायचा होता गं. पण ही हट्टाला पेटली. आत्या आल्याशिवाय पाळण्याला हात लावू देईना कुणाला."

"तिला दे फोन," मी म्हणाले.

"बोला ताई," भावजय म्हणाली. तोच गोड आवाज.

"तुला नाव कसं कळलं? माझा आवाज तर नीट पोचत नव्हता."

"कुर्र ऐकू आलं. आणि पहिलं अक्षर. तेवढ्यावरून कळलं, की तेच आणलंत."

"तेच म्हणजे?"

"तुम्ही दवाखान्यात होतात ना, त्या रात्री. भूल उतरत होती तुमची. तुम्ही माझा हात धरून ते नाव घेतलंत, पुन्हा पुन्हा घेतलंत. मग म्हणालात, कुणाला सांगू नकोस. नाही सांगितलं मी. ह्यांनाही नाही. त्या रात्री तर मला तुमच्याकडे बघवत नव्हतं, उगाच मोबाइल काढून बसले होते." मग म्हणाली, "दुसरं कुठलंही आणलं असतंत तरी ठेवलं असतं. पण मनातून मी ह्याचीच वाट बघत होते, ताई."

वणीच्या स्टँडवर, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये, कंडक्टरची शिट्टी आणि वडापाववाल्याचा आरडाओरडा चालू असताना मी ढसाढसा रडले. पलीकडे बाळ कुरकुरत होतं. भावजय त्याला थोपटत माझ्या मुलीच्या नावाने हाक मारत होती, आणि मी ते नाव पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकत होते.

"एक मात्र राहिलं हो," ती थोड्या वेळाने म्हणाली. "तुमचे धपाटे. ते आता इथून कोण घालणार?"

तेवढ्यात माझ्या पाठीत असा काही रट्टा बसला की मी पुढच्या सीटवर आदळले. माझे हात आधी पर्सवर गेले. ती जागेवर होती. वळून बघते तर शेजारच्या आजी दुसरी मूठ वळून तयार होत्या.

"आत्याला असं कोरडं सोडत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "वळा तिकडं."

मी पर्स खाली पायाशी ठेवली आणि त्यांच्याकडे पाठ केली.